लोणावळ्याचा एक्स-रे



ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याहून एका त्रैमासिकाचा पहिला अंक बाहेर पडला. त्याचे नाव ‘योगमीमांसा’. नाव ऐकून कुणालाही वाटेल की आत संस्कृत श्लोक असतील, त्यांवर भाष्य असेल आणि फार तर ध्यानस्थ बसलेल्या एखाद्या साधूचे चित्र असेल. पण त्या अंकात एक लेख होता तो एक्स-रेच्या प्रयोगांवरचा. उड्डियान आणि नौली या दोन यौगिक क्रिया करताना माणसाच्या मोठ्या आतड्यातले द्रव्य नेमके कुठे असते, हे क्ष-किरणांनी पाहून त्याचा वृत्तान्त तिथे छापलेला होता. ज्या काळात खेड्यापाड्यांतल्या माणसाने एक्स-रे हा शब्दही ऐकला नसेल, त्या काळातली ही गोष्ट.

मी राहतो कुसगावात. लोणावळ्याला लागूनच आमचे गाव. मुंबईहून द्रुतगती महामार्गाने घाट चढून आलात की आमच्या शिवाराजवळूनच तुम्ही जाता. लोणावळा म्हटले की लोकांना चिक्की आठवते, भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून उतरणारे पाणी आठवते, फार तर कार्ल्याची आणि भाज्याची लेणी आठवतात. पण शरीराच्या आतले चित्र काढून त्याला प्रश्न विचारण्याच्या विद्येत, म्हणजे ज्याला आज रेडिओलॉजी म्हणतात त्या विद्येत, या गावाचेही एक छोटे पान आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आज त्या पानाविषयी बोलायचे आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण आतले आणि बाहेरचे, दिसणारे आणि न दिसणारे, हा कवितेचाही जुनाच प्रश्न आहे. म्हणून हे धाडस.

आधी थोडे मागे जाऊ. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहरात विल्हेल्म रोंटगेन नावाचा प्राध्यापक अंधाऱ्या खोलीत निर्वात नळीतून वीज सोडत होता. नळी काळ्या कागदाने झाकलेली होती, तरी दूर ठेवलेला एक रसायन फासलेला पडदा चमकू लागला. काही तरी कागदातून आरपार जात होते. काय, ते कळेना. म्हणून गणितात अज्ञाताला ‘क्ष’ म्हणतात तसे त्याने या किरणांना नाव दिले. डिसेंबरात त्याने पत्नीचा हात या किरणांपुढे धरला आणि हाताची हाडे, बोटातली अंगठी फोटोच्या काचेवर उमटली. १९०१ मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. या शोधाचे पेटंट घ्यायला मात्र त्याने नकार दिला. हा शोध साऱ्या माणसांचा आहे, अशी त्याची भूमिका होती. आज गल्लोगल्ली एक्स-रेच्या पाट्या दिसतात, त्यामागे हा नकारही आहे.

ही बातमी किती वेगाने पसरली पाहा. १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या तिराहच्या मोहिमेत ब्रिटिश लष्कराचा डॉक्टर बीव्हर एक्स-रेचे यंत्र घेऊन डोंगरात गेला होता. जखमी सैनिकांच्या अंगात रुतलेल्या गोळ्या तो शोधत होता. तिकडे कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस स्वतःच्या हाताने असे यंत्र जुळवत होते.

पण एक अडचण होती. क्ष-किरणांना हाड दिसे, गोळी दिसे, टाचणी दिसे. पोटातली मऊ आतडी मात्र दिसत नसत. किरण त्यांतून सरळ निघून जात. मग वैद्यांनी युक्ती काढली. किरणांना अडवील असा एखादा जड पदार्थ रोग्याला पाजायचा, म्हणजे तो जिथे जाईल तिथली आकृती पडद्यावर उमटेल. अमेरिकेत वॉल्टर कॅनन याने १८९०च्या दशकाच्या शेवटी प्राण्यांना बिस्मथ चारून त्यांच्या जठराची हालचाल पाहिली. १९१० पासून बेरियम सल्फेट हे स्वस्त आणि शरीरात न विरघळणारे पांढरे चूर्ण वापरात आले. आजही पोटाच्या काही तपासण्यांआधी खडूच्या पाण्यासारखे जे पांढरे द्रव्य पाजतात, ते हेच.

आता आपल्या माणसाकडे येऊ. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातेतल्या डभईचा. संस्कृतात हुशार, मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले. पुढे बडोद्याला शिकताना प्राध्यापक माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी व्यायाम आणि शारीरिक शिक्षणाचे धडे घेतले. माणिकरावांच्या आखाड्याचे नाव जुम्मादादा व्यायाममंदिर. त्या नावातला जुम्मा, म्हणजे आमचा शुक्रवार, माझ्या कानाला फार ओळखीचा वाटतो. नंतर गुणे यांनी अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचे काम केले. १९१९ मध्ये नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदासजी हे गुरू त्यांना भेटले आणि योगाची दीक्षा मिळाली. पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले गेले.

गुरूंनी शिकवले ते त्यांनी श्रद्धेने केले. पण या माणसाच्या डोक्यात एक किडा होता. या क्रियांनी शरीरात काय होते असे ग्रंथ सांगतात, ते खरोखर होते का? आणि होत असेल तर कसे होते? हा प्रश्न त्यांनी गुरुबंधूंना विचारून भागवला नाही, की ‘अनुभवाने कळते’ या उत्तरावर ते थांबले नाहीत. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना बडोद्याच्या रुग्णालयात नेले, बेरियमच्या साहाय्याने क्ष-किरणांखाली उभे केले आणि उड्डियान, नौली करायला सांगितले.

या क्रिया ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर सोडायचा आणि तो बाहेरच रोखून, श्वास घेतल्याचा नुसता आविर्भाव करत बरगड्या फुलवायच्या. हवा आत येत नाही, पण छातीची पोकळी वाढते. छाती आणि पोट यांमधला पडदा वर ओढला जातो आणि पोट असे खपाटीला जाते की जणू पाठीला चिकटले. नौलीत त्याच अवस्थेत पोटाच्या मधले दोन उभे स्नायू घट्ट करून खांबासारखे पुढे काढायचे आणि डावीउजवीकडे फिरवायचे. हठयोगी याच नौलीच्या बळावर बस्ती नावाची क्रिया करत. पाण्यात बसायचे, आणि पाणी गुदमार्गाने आपोआप आतड्यात वर चढायचे. ना पिचकारी, ना पंप. पाहणारे थक्क होत. कुणी म्हणे ही सिद्धी, कुणी म्हणे ही हातचलाखी.

कुवलयानंदांनी आधी चित्रे घेतली. क्रियेच्या वेळी आतड्यातले बेरियम कुठे आहे, कुठे सरकते, ते पाहिले. चित्राने जागा सांगितली, पण पाणी का चढते याचे कारण एकट्या चित्रातून कळण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी आतड्यातला दाब दाबमापकाने मोजला. नौली चालू असताना तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे आढळले. म्हणजे आत अंशतः निर्वात तयार होतो आणि बाहेरचा हवेचा भार पाण्याला आत ढकलतो. आपण नळीने उसाचा रस ओढतो, त्यात जे घडते तेच इथे घडत होते. या निर्वाताला त्यांनी गुरूंचे नाव दिले : ‘माधवदास व्हॅक्यूम’.

मला या नावाची गंमत वाटते. गुरूचे नाव लोक देवळाला देतात, घाटाला देतात, मठाला देतात. या शिष्याने ते एका पोकळीला दिले. पण ती मोजलेली पोकळी होती.

त्याच १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था काढली आणि तिच्याबरोबर प्रयोगशाळाही. ही जागा कशी होती? १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढून आली होती. १९१५ पासून लोणावळा आणि वलवणच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरून टाटांची वीज तयार होत होती आणि मुंबईच्या गिरण्या चालवत होती. म्हणजे मावळच्या या डोंगरांना नव्या यंत्रांची ओळख होती. बौद्ध भिक्खूंनी दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली लेणी एका बाजूला आणि विजेच्या तारा दुसऱ्या बाजूला, अशा गावात योग आणि प्रयोगशाळा एका छपराखाली आली.

या घटनेचे महत्त्व कशात आहे? त्या वेळी देशात दोन तट होते. एक म्हणे, आमच्या ऋषिमुनींना सारे आधीच ठाऊक होते. तपासण्याची गरज काय? दुसरा म्हणे, हा सगळा बुवाबाजीचा प्रकार, तपासायचे काय? दोघांचे म्हणणे उलटसुलट, पण निष्कर्ष एकच : तपासू नका. कुवलयानंद या दोन्ही तटांच्या मधून चालत गेले. आणि ते नुसते अनुकूल पुरावे गोळा करत बसले नाहीत. त्या काळी, आणि खरे तर आजही, पुष्कळ लोक सांगतात की प्राणायामाने शरीराला प्राणवायू जास्त मिळतो. कुवलयानंदांनी श्वासाचे मोजमाप केले आणि आपल्या लेखनात लिहिले की ही समजूत बरोबर नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या प्रमाणात शोधू नका, दुसरीकडे शोधा. योगाचा प्रसार हेच ज्याचे जीवितकार्य, त्याने योगाचे एक लोकप्रिय समर्थन आपल्या हाताने बाजूला ठेवले. १९३०च्या दशकाच्या आरंभी येल विद्यापीठातला कोवूर बेहनन हा मूळचा केरळचा संशोधक लोणावळ्याला येऊन राहिला, स्वतः योग शिकला आणि १९३७ मध्ये त्याने त्यावर इंग्रजी पुस्तक लिहिले. परक्या विद्यापीठातल्या माणसाला चिकित्सा करायला दार उघडे होते, ही गोष्ट साधी नव्हे.

इथे मला हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवतो. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत कार्य केलेला इब्न अल-हैसम. ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाशावरचा ग्रंथ त्याचा. डोळ्यांतून किरण निघतात आणि वस्तूला शिवतात म्हणून आपल्याला दिसते, असे त्याच्या आधीचे मोठमोठे ग्रीक पंडित मानत. इब्न अल-हैसमने दाखवले की प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला भोक, बाहेर एका ओळीत दिवे. आत तितकेच ठिपके. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका नाहीसा. एवढा साधा प्रयोग. आणखी एके ठिकाणी त्याने सांगितले आहे की सत्य शोधणाऱ्याने जुन्या ग्रंथकारांवर भाबडा विश्वास ठेवू नये, आणि तपासताना स्वतःवरही शंका घ्यावी. हा पुरुष धर्माने मुसलमान होता, कुवलयानंद योगी होते. दोघांची श्रद्धा वेगळी, पण अंधाऱ्या खोलीत उभे राहून उजेडाला प्रश्न विचारण्याची रीत एकच. या रीतीला मी आपल्या सामाईक वारशातली मोठी वस्तू मानतो.

चित्राला प्रश्न विचारावा लागतो, ते आपण होऊन बोलत नाही, हे मला लहानपणी घरातच पाहायला मिळाले. माझे अब्बा रेल्वेत घाटातल्या लाइनीवर गँगमन होते. मी नऊ-दहा वर्षांचा असताना त्यांचा खोकला थांबेना. अंगात बारीक ताप, रात्री घाम. मोहल्ल्यात ज्याचा त्याचा वेगळा निदानग्रंथ. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे घाटातल्या धुराने छाती भरली. शेवटी एका डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. ती काळी फिल्म घरी आली तेव्हा तिच्याभोवती गर्दी झाली. जो येई तो ती खिडकीकडे धरून पाही आणि मान हलवी. प्रत्येकाला तिच्यात आपापले आधीचेच मत दिसे! अम्मी मात्र बघायला तयार होईना. म्हणाली, “आदमी के अंदर का हाल अल्ला जाने. हम कौन झाँकनेवाले?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातल्या पांढुरक्या डागावर पेन्सिल टेकवून ते म्हणाले, “इथे सावली आहे. पण सावली कशाची, हे फिल्म सांगणार नाही. थुंकी तपासू.” थुंकीत क्षयाचे जंतू निघाले. मग कित्येक महिने इंजेक्शने आणि मूठभर गोळ्या. अब्बा बरे झाले आणि पुन्हा लाइनीवर गेले. डॉक्टरांचे ते वाक्य मला अजून आठवते. सावली दिसली म्हणजे वस्तू कळली असे नाही. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेतही नेमके हेच झाले होते : आधी चित्र, मग दाबमापक.

कुवलयानंदांच्या त्या लेखाला पाच वर्षे होतात न होतात तोच चित्राने एक नवीन काम पत्करले. तोवर चित्र फक्त दाखवत होते. आता ते हाताला वाट दाखवू लागले. १९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून एक लांब बारीक नळी आत सरकवली आणि तशाच अवस्थेत जिना उतरून एक्स-रेच्या खोलीत गेला. पडद्यावर पाहत पाहत त्याने ती थेट हृदयापर्यंत नेली. वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढले. १९५६ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळाले. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर याच्याकडे ८२ वर्षांची एक बाई आली. पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेली, बोटे सडू लागलेली. सर्जन पाय कापा म्हणत होते आणि बाई ठाम नाही म्हणत होती. डॉटरने एक्स-रेत पाहत पाहत रक्तवाहिनीत नळ्या सरकवून अरुंद जागा रुंद केली. पाय वाचला, आणि बाई पुढे आयुष्यभर आपल्या पायांनी चालली. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंट्झिग याने हृदयाच्या रक्तवाहिनीत इवलासा फुगा नेऊन फुगवला. त्याचे सुरुवातीचे फुगे त्याने घरच्या स्वयंपाकघरात बसून बनवले होते. आज आपल्याकडे ‘अँजिओप्लास्टी झाली’ हे वाक्य लग्नाच्या पंगतीतही ऐकू येते. यकृतातल्या गाठीचा तुकडा सुईने काढणे, पू झालेल्या जागी नळी घालणे, मेंदूत फुगलेल्या रक्तवाहिनीत तारेची गुंडाळी बसवणे, ही कामे आता पोट न फाडता, कवटी न उघडता, पडद्याकडे पाहत होतात.

या वाटेवर किंमतही मोजावी लागली. सुरुवातीच्या काळात किरणांचा धोका कळला नव्हता. डॉक्टर, तंत्रज्ञ, परिचारिका यांचे हात जळाले, बोटे गेली, कर्करोग झाले. १९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात अशा लोकांचे स्मारक उभारले गेले. तेव्हा त्यावर १६९ नावे होती. एक्स-रेच्या खोलीत आपल्याला काही सेकंद ठेवून तंत्रज्ञ पडद्याआड जातो ना, त्या आडोशाला या नावांचा इतिहास आहे.

पण सगळ्यांत मोठी किंमत चित्राच्या धोक्यापायी नव्हे, तर चित्राला विचारलेल्या प्रश्नापायी मोजली गेली. आणि ती आपल्या महाराष्ट्रात मोजली गेली. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड याने, कारखान्यात धातूमधली चीर शोधायला वापरतात ते ध्वनिलहरींचे तंत्र पोटावर वापरून पोटातल्या गाठी आणि गर्भ यांची चित्रे प्रसिद्ध केली. सोनोग्राफी ती हीच. किरणांचा धोका नाही, चिरफाड नाही. बाळाची मान नीट आहे ना, पाणी पुरेसे आहे ना, वार कुठे आहे, हे विचारायला यासारखे साधन नाही. या तंत्राने कित्येक बाया बाळंतपणात वाचल्या. पण आपल्याकडे तिला एक वेगळाच प्रश्न विचारला गेला : मुलगा की मुलगी?

१९८०च्या दशकाच्या मध्याला मुंबईत स्त्री-संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी याविरुद्ध आवाज उठवला. १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. १९९४ मध्ये देशाचा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. पण जनगणनेचे आकडे काय सांगतात? सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३, आणि २०११ मध्ये ८९४. कायदा पहिला आपला, आणि घसरणही आपल्या डोळ्यांदेखत. कोल्हापूरला लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना त्यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे नोंद ठेवणारे उपकरण बसवण्याचा उपक्रम केला. देशमुख हे आपले कथा-कादंबरीकार. पुढे २०१८ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. चित्र पाहणाऱ्यावरही कुणी तरी नजर ठेवली पाहिजे, हे एका लेखकाला सुचले, याचे मला नवल वाटत नाही.

श्रोतेहो, बडोद्याचे ते यंत्र आणि गर्भलिंग सांगणारे यंत्र, दोन्ही शेवटी यंत्रेच. एकापुढे उभा राहिलेला माणूस विचारत होता, मी ज्याच्यावर श्रद्धा ठेवतो ते तपासून पाहू का? दुसऱ्यापुढे बसलेल्यांचे उत्तर आधीच ठरलेले होते. त्यांना फक्त पुढची कारवाई करायची होती.

आता तर यंत्रे आणखी पुढे गेली आहेत. एमआरआयने विचार करणाऱ्या मेंदूची रंगीत चित्रे मिळतात. त्यामुळे ‘ध्यानाने मेंदू बदलतो, हे स्कॅनने सिद्ध झाले’ अशी वाक्ये तुम्ही मोबाइलवर रोज वाचत असाल. यात थोडे सावध राहावे. २००५ मध्ये अमेरिकेत सारा लाझार यांनी ध्यान करणाऱ्या २० जणांच्या मेंदूची चित्रे तपासली. त्यांच्या मेंदूचे काही भाग जाड आढळले. जगभर बातमी झाली. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक लोकांवर, चिठ्ठ्या टाकून गट पाडून, आठ आठवड्यांच्या ध्यानवर्गाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूच्या रचनेत असा बदल दिसला नाही. याचा अर्थ ध्यान निरुपयोगी, असा नव्हे. वीस जण वर्षानुवर्षे ध्यान करणारे होते, इथे नवशिके होते. पण थोड्या चित्रांवरून मोठी द्वाही फिरवू नये, एवढा अर्थ नक्की. २००९ मध्ये तर काही संशोधकांनी गंमतच केली. बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा त्यांनी एमआरआयमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसांच्या मनात काय चालले असेल ते ओळख म्हणून सांगितले! आकडेमोड निष्काळजीपणे केली, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही ‘विचार’ चमकताना दिसतो, हे त्यांना दाखवायचे होते. आमच्या मोहल्ल्यात अब्बांची फिल्म खिडकीकडे धरून जे चालले होते, त्याहून हे फार वेगळे नाही.

आणि आता चित्र वाचायलाही यंत्र आले आहे. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीने छातीचा एक्स-रे वाचून क्षयाची शंका सांगणारी संगणकप्रणाली तयार केली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील लोकांच्या क्षय-चाळणीसाठी अशा प्रणाली वापरायला मान्यता दिली. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि एक्स-रे वाचणारे तज्ज्ञ शहरांत आहेत. हातात उचलून नेता येईल असे यंत्र वाडीवस्तीवर न्यायचे आणि संगणकाने तिथेच सांगायचे की या दहा जणांपैकी दोघांची थुंकी तपासा, ही मोठी सोय आहे. लक्षात घ्या, तो संगणकही ‘थुंकी तपासा’ एवढेच म्हणतो. अब्बांच्या डॉक्टरांनी पेन्सिल टेकवून जे सांगितले, तेच. हे सांगण्यापुरता तो शहाणा आहे. ज्या दिवशी आपण त्याच्या ‘शंका’ला ‘निकाल’ समजू, त्या दिवशी आपणच सामन माशाच्या पंगतीला बसू.

स्वामी कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी गेले. त्यांनी काढलेल्या संस्थेला आणि ‘योगमीमांसा’ला २०२४ मध्ये शंभर वर्षे झाली. त्यांच्या प्रयोगांत आजच्या कसोट्यांनी पाहता उणिवा सापडतील. माणसे थोडी होती, यंत्रे जुनी होती. उणिवा दाखवणाऱ्याचे त्यांनी स्वागतच केले असते, कारण छापून सर्वांपुढे ठेवण्याचा अर्थच तो असतो : या, तपासा. आज योगाचे जगभर मोठे दिवस साजरे होतात, मैदाने भरतात. त्या गर्दीत एखाद्या मुलाने किंवा मुलीने विचारावे की सर, हे कशावरून? आणि सरांनी रागावू नये, प्रयोगशाळेचे दार दाखवावे. लोणावळ्याच्या जुन्या एक्स-रेचा आग्रह एवढाच होता. मावळच्या पावसात आमच्याकडे धुके असे दाटते की समोरचा डोंगर नाहीसा होतो. इथल्या जुन्या माणसांना ठाऊक असते की डोंगर तिथेच आहे. पण पाय टाकताना तेही काठीने पुढची जमीन चाचपून पाहतात.